पेटी – पण हार्मोनियम नव्हे

'पेटी' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भाता आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्या उभ्या राहतात. प्रस्तुत लेखातील पेटी निराळी. ती लाकडाची, उंचीला एक फूट, रुंदीला साडेसात इंच, पुढे काळी जाळी आणि मागे तारा जोडायला जागा. अशा दोन पेट्या जोडीनेच घ्याव्या लागतात. इंग्रज लोक त्यांना पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे स्पीकर म्हणतात. आणि यातली पहिली गंमत हीच की, जाणकार मनुष्य त्यांना पुस्तकांच्या फळीवर सहसा ठेवीत नाही. ते का, हे पुढे येईलच.

"सर, हा विषय विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकात शोभला असता," असे आमच्या विद्यार्थी-संपादकांनी विषय ऐकताच सुनावले. खरे आहे. इतिहास शिकवणाऱ्याने हर्ट्झ आणि डेसिबल यांच्या वाटेला जाऊ नये. परंतु या पेटीच्या नादी मला विज्ञानाने लावले नाही. माझ्या आजोबांनी लावले, आणि तेही त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटल्यावर.

झाले ते असे. १९७४ साली काकांनी कोणाकडून तरी स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आजोबांच्या गप्पा त्यांच्या नकळत टेप केल्या. पुढे ती टेप कॅसेटवर उतरवली गेली. आमच्या घरी छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर होते. त्यांवर ही कॅसेट लावली की आजोबा रांजणात बसून बोलत असल्यासारखे वाटे. टेप जुनी, माइक साधा, असे म्हणून आम्ही समाधान करून घेत असू. मग एकदा पुण्यात एका परिचित गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. ते बरीच वर्षे इंग्लंडात नोकरी करून परतलेले. येताना रॉजर्स कंपनीच्या या छोट्या पेट्यांची जोडी त्यांनी लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून आणलेली. माझ्याबरोबर आत्या होती आणि तिच्या पिशवीत ती कॅसेट होती. लावली. चार वाक्ये झाली असतील नसतील, तोच आत्या म्हणाली, "अण्णांनी कवळी काढून ठेवलेली दिसते आहे."

टेप तीच, माइकही तोच. कवळी काढल्यावर 'स' आणि 'च' यांची जी गत होते, ती आमच्या मोठ्या स्पीकरांनी इतकी वर्षे आमच्यापासून लपवून ठेवली होती! मोठ्याला जे जमले नाही ते एवढ्याशा पेटीला कसे जमले, या प्रश्नाने मला धरले ते अजून सोडलेले नाही.

उत्तरासाठी बी.बी.सी.कडे जावे लागते. तिचा संशोधन विभाग त्या काळी सरे परगण्यात किंग्जवुड वॉरन नावाच्या जुन्या वाड्यात होता. तेथे एच. डी. हारवुड आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच कामात गुंतले होते. वाद्यवृंदाचा स्टुडिओ बांधून झाल्यावर तो बिघडला तर पैसे पाण्यात. म्हणून आधी त्याची एक-अष्टमांश मापाची प्रतिकृती करावयाची आणि तीत आवाज सोडून पाहावयाचा. खोली आठपट लहान, तेव्हा आवाजही आठपट वरच्या पट्टीतला हवा. या प्रयोगांच्या निमित्ताने एक छोटा स्पीकर तयार झाला, आणि तो अपेक्षेपेक्षा फारच चांगला निघाला. त्याच सुमारास बाहेरच्या कार्यक्रमांच्या ध्वनिक्षेपणासाठी ज्या मोटारगाड्या फिरत, त्यांतील अभियंत्यांची अडचण होती. गाडीत मोठा स्पीकर मावत नाही आणि कानाला लावायच्या हेडफोनवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी हा छोटा स्पीकर सुधारून घेतला गेला. नाव पडले एल.एस. ३/५. पुढे आतले भाग बनवणाऱ्या केफ कंपनीच्या मालात फरक पडला, म्हणून रचना पुन्हा तपासावी लागली आणि नावाला 'ए' चिकटला. हारवुड, व्हॉटन आणि मिल्स यांचा यावरील अहवाल १९७६ चा आहे.

बी.बी.सी.वाल्यांची परीक्षेची रीत मला फार आवडते. स्टुडिओत एक मनुष्य बोलत बसे. अभियंता शेजारच्या खोलीत स्पीकरवर त्याचे बोलणे ऐके, मग दार उघडून आत जाई आणि त्याच माणसाला समोर उभे राहून ऐके. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. यंत्रांची मोजमापे होतीच, पण अखेरचा शब्द कानाचा. कसोटीला माणसाचे बोलणे घेण्यातही शहाणपण आहे. रुद्रवीणा समोर बसून ऐकलेली माणसे आपल्या महाविद्यालयात किती निघतील? पण माणसाचा आवाज आपण जन्मल्या दिवसापासून ऐकतो. त्यात किंचित खोट आली तरी कान उभे राहतात. आत्याने पुण्यात केली ती परीक्षा नेमकी हीच होती.

आता पेटीच्या आत डोकावू. खालचा मोठा शंकू पाच इंची, कागदाचा नव्हे तर बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा. कागदाचे दोन शंकू तंतोतंत सारखे निघत नाहीत आणि हवेतील दमटपणाही त्यांना बाधतो, म्हणून हा बदल. वर पाऊण इंची घुमट. तो तार स्वर सांभाळतो. त्याच्या भोवती जाड फेल्टच्या पट्ट्या, पेटीच्या कडांवर आवाज आपटून विस्कटू नये म्हणून. जाळीसुद्धा हिशेबात धरलेली आहे. पुण्याच्या त्या गृहस्थांना मी म्हटले, "काका, जाळी काढून बघू या का?" तर ते म्हणाले, "हात लावू नकोस. ती शोभेची नाही."

खरी युक्ती मात्र लाकडात आहे. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, पेटी जितकी जाड आणि जड तितकी चांगली. बी.बी.सी.ने उलटे केले: बर्चचे जेमतेम बारा मिलीमीटरचे प्लायवूड, आणि आतून डांबराचे थर. स्पीकर वाजू लागला की पेटीच्या भिंतीही थरथरतात, म्हणजे त्याही वाजतात. जाड भिंत वाजते ती वरच्या पट्टीत, नेमकी जेथे माणसाच्या आवाजाची वस्ती आहे तेथे. आणि वाजली की लवकर थांबत नाही. पातळ भिंतीची घुमण्याची पट्टी खाली उतरते, तेथे कान तितका तिखट नसतो. आणि डांबर तिला चटकन गप्प करते. रिकाम्या घागरीवर टिचकी मारा, मग तिच्यावर ओले फडके टाकून मारा, म्हणजे डांबराचे काम ध्यानात येईल. आमचे आजोबा रांजणात शिरले होते ते असे. ते बोलत होते आणि त्यांच्याबरोबर पेटीही बोलत होती.

अर्थात हे फुकट मिळत नाही. स्पीकरच्या शास्त्रात हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक कडक नियम आहे: पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाज हवा, या तीन मागण्यांपैकी दोनच मान्य होतात. तिसरीवर पाणी सोडावे लागते. तेव्हा या छोट्या पेट्यांची तुलना करताना "चांगली कोणती?" असे विचारण्यापेक्षा "कोणी काय सोडले?" असे विचारावे.

एल.एस. ३/५ ए ने मोठा आवाज सोडला आणि खर्जाचा तळही सोडला. एक वॅट देऊन एक मीटरवर ती सुमारे ८३ डेसिबल देते. ८९ देणाऱ्या स्पीकरइतका आवाज तिच्यातून काढायचा तर चौपट वीज द्यावी लागते, आणि फार दिली तर बिचारा पाच इंची शंकू धापा टाकू लागतो. ८० हर्ट्झच्या खाली ती उतरत जाते. आता आपल्याकडचा हिशेब करू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर असतात आणि खर्जाची तार ६९ वर. म्हणजे खर्ज गेला म्हणायचा? तसे होत नाही. जवारीमुळे त्या तारेतून १३९, २०८, २७७ असे वरचे स्वर भरघोस निघतात, आणि ते नीट पोचले की त्यांचा मूळ स्वर कान आपल्या पदरचा घालून पुरा करतो. टेलिफोनच्या जुन्या तारेतून ३०० च्या खालचे जवळजवळ काहीच येत नसे, तरी वडिलांचा आवाज कधी बायकी वाटला नाही, त्याचे कारण हेच. शिवाय रचनाकारांनी शंभर-सव्वाशेच्या आसपास आवाज किंचित उचललेला आहे. ती थोडी लबाडी म्हणा हवे तर. तंबोरा निभावतो. निभावत नाही तो डग्गा. गमकेच्या वेळी पोटात जो हलका धक्का बसायला हवा तो बसत नाही. ज्याला तबल्याचे वेड आहे त्याने ही पेटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही रचना बी.बी.सी.ने परवान्यावर अनेकांना दिली: रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, हार्बेथ, स्वतः केफ. यांतील स्पेंडॉर आणि हार्बेथ यांचा गोत्रसंबंध जवळचा. स्पेन्सर ह्यूज हे बी.बी.सी.तलेच, पत्नी डोरोथी यांच्या नावाची जोड देऊन त्यांनी १९६९ मध्ये स्पेंडॉर काढली. हारवुड यांनी १९७७ साली आपले आणि पत्नी एलिझाबेथ यांचे नाव मिसळून हार्बेथ काढली. १९८७ च्या सुमारास पेटीची अंतर्गत जुळणी बदलून पंधरा ओहमची अकरा ओहमची झाली, आणि तेव्हापासून 'पंधरावाले' व 'अकरावाले' अशी दोन घराणी भांडत आहेत. त्यात आपण पडू नये.

निराळ्या मार्गाने गेली ती ग्लासगोची लिन कंपनी. १९८० च्या सुमारास तिने 'कान' नावाचा स्पीकर काढला (कानाशी संबंध योगायोगाचा!). आकार जवळपास तोच, केफचा पाच इंची शंकूही तोच. पण पेटी भिंतीला टेकवून ठेवायची. भिंत पाठीशी असली की खालचे स्वर बळावतात, त्यावर हिशेब बसवलेला. आवाजाचा पोत थोडा रुक्ष झाला तरी चालेल, लय आणि चाल सुटता कामा नये, असा तिच्या चाहत्यांचा आग्रह. एकच शंकू, पण एकीने पोत धरला आणि दुसरीने लय. १९८० च्या दशकात इंग्लंडातील रसिकांत यावरून सरळ दोन पक्ष पडले होते.

व्हार्फडेलने १९८२ च्या सुमारास 'डायमंड' काढली. शंभर पौंडांच्या आत जोडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशाची पेटी. तिने सुबकपणा सोडला, आणि ते योग्यच केले.

हार्बेथची २००९ मधील पी ३ ई.एस.आर. ही जुन्या पेटीची सख्खी वारसदार. तशीच बंद, तशाच पातळ भिंतींची, साधारण त्याच मापाची. शंकू मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्लॅस्टिकचा. मोठा आवाज हिनेही सोडलेलाच आहे, पण जुनीतली ती लबाड उचल पुष्कळ कमी केली. याउलट केफने २०१२ मध्ये आपल्या पन्नाशीनिमित्त काढलेली एल.एस. ५०. मूळ पेटीचे स्मरण ठेवून केलेली, पण जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट: शंकू धातूचा, त्याच्या ऐन मध्यात घुमट बसवलेला, पेटी टणक आणि मागे हवेला वाट ठेवलेली. पुण्याच्या काकांच्या मुलाने ती घेतली आहे, म्हणून एकाच खोलीत दोन्ही ऐकता आल्या. डग्गा हिच्यात बराच सापडतो. गायक खोलीत कोठे बसला आहे तेही बोट ठेवून दाखवता येते. पण आजोबांची कॅसेट लावली तेव्हा कवळीबरोबर टेपची खरखरही पुढे येऊन बसली. मुलगा म्हणाला, "टेपमध्ये खरखर आहेच, ती लपवायची कशाला?" त्याचे चूक नव्हते. मी तरी जुनीच घेईन.

राहिली फळीची गोष्ट. फळीवर दोन्ही बाजूंना पुस्तके आणि पाठीशी भिंत आली की लिनची सोडून बहुतेकींचा आवाज फुगतो. दोन फुटी स्टँडवर, भिंतीपासून हात-दीड हात पुढे, घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि ऐकणारा सहा-सात फुटांवर, अशी मांडणी हवी. इंग्रजाच्या दिवाणखान्यात गालिचे, जाड पडदे, गुबगुबीत कोच. आपल्याकडे शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली तर परत येते. तेथे हजारो रुपयांच्या तारा बदलण्याआधी सतरंजी अंथरावी आणि समोरच्या भिंतीवर गोधडी टांगून पाहावी. पुस्तकांचे भरलेले कपाट ऐकणाऱ्याच्या पाठीशी आले तर उत्तम. अशा रीतीने पुस्तकांची फळी शेवटी कामाला येतेच.

फाल्कन आणि ग्रॅहम या कंपन्या आज मूळ पेटी बी.बी.सी.च्या परवान्याने पुन्हा बनवतात, पण किंमत प्राध्यापकाने दोनदा विचार करावा अशी आहे. जुनी घ्यायची तर दोन्ही पेट्या एकाच जोडीच्या आहेत ना, हे मागचे क्रमांक पाहून ताडावे आणि ओळखीच्या माणसाचे बोलणे टेप करून बरोबर न्यावे. आमची कॅसेट त्या दिवशी काकांच्या डेकमध्येच राहिली. आत्या दर रविवारी आठवण करते. या सुट्टीत जाऊन आणायची आहे.