वॉरियर्सना हरवायचं कसं? ह्यूस्टनचा प्रयोग

2017 च्या प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी 17 पैकी 16 सामने जिंकले. करी होताच, वर ड्युरंटही आलेला. अशा वेळी 'यांचं वय होऊ दे, मग बघू' म्हणणं सोपं असतं. ह्यूस्टन रॉकेट्सचा जनरल मॅनेजर डॅरिल मोरी (हा कम्प्युटर सायन्सवाला, म्हणून मला जरा जास्तच जवळचा) थांबला नाही. सात खेळाडू आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक देऊन त्याने क्रिस पॉल आणला.

बातमी पॉलची गाजली. मला पी. जे. टकर जास्त महत्त्वाचा वाटतो. का? वॉरियर्सचा खेळ स्क्रीनवर चालायचा. एक जण करीच्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहणार, तो अडकणार, करीला अर्धा सेकंद मोकळा मिळणार. करीला तेवढा पुरतो! यावर उपाय म्हणजे स्विच: पाठलाग करायचाच नाही, दोघांनी आपापला माणूस जागच्या जागी बदलून घ्यायचा. पण मग पाचही जण कुणालाही अडवू शकणारे हवेत. एक जरी लिंबूटिंबू निघाला, की समोरचे नेमकं त्यालाच गाठणार. म्हणून त्याच उन्हाळ्यात टकर आणि बा मुटे आले. अरिझा आधीपासून होता.

रॉकेट्सनी 65 सामने जिंकले, आणि वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये 3-2 आघाडीसुद्धा घेतली. त्या पाचव्या सामन्यातच पॉलचा हॅमस्ट्रिंग गेला. सातव्यात हाफटाइमला 11 ने पुढे होते, पण त्या रात्री सलग 27 थ्री चुकले. स्कोअर 101-92. पॉल फिट असता तर? माझं मत रॉकेट्सला.