पानातले मीठ

आमच्याकडे पान वाढताना सुरुवात मिठाने होते. वडील तर चव न पाहताच भातावर चिमूटभर मीठ टाकत. लोणचे, पापड रोजचेच. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी विचारले, "रक्तदाब शेवटचा कधी तपासला?" आम्ही निरुत्तर झालो.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचू लागलो. मिठातल्या सोडियममुळे शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते व रक्तवाहिन्यांवर ताण पडतो. एका दिवसात काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे ताण सोसून त्या ताठर होतात. दुखतखुपत नसल्याने हे कळतही नाही.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' पाहणीत ३२ देशांतील दहा हजारांवर लोक तपासले होते. त्यांत ब्राझीलच्या अरण्यातले यानोमामी होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाहीच. आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाबही वाढत नाही! त्यांचे जीवन कष्टाचे, शरीरे सडपातळ. तेव्हा सारे श्रेय मिठाच्या अभावाला देता येणार नाही. तरी 'वय झाले की रक्तदाब वाढायचाच' ही आपली समजूत खरी नव्हे, एवढे निश्चित.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही कमी मीठ सांगते. लोणचे-पापडातलेही त्यातच आले.

वडील आता काठी घेऊन चालतात. आमच्या पानात मीठ वाढणे बंद झाले आहे. सुरुवातीला आमटी अळणी लागली. हळूहळू जीभ सरावली. ती सरावते, हे आधीच ठाऊक असते तर!