सिलिंडरचे रिबोअरिंग आणि गोलाईचा प्रश्न

मोटारीचे एंजिन निळसर धूर सोडू लागले, तेल पिऊ लागले आणि चढावर दम टाकू लागले, म्हणजे ब्लॉक रिबोअर करून घेण्याचा सल्ला मिळतो. झिजलेले सिलिंडर थोडे मोठे कापून पुन्हा गोल करावयाचे व त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवावयाचे, असे या कामाचे वर्णन एका वाक्यात केले जाते. ते खोटे नाही. परंतु सिलिंडर गोल असावयाचे ते नेमके केव्हा? यंत्रावर उघडे असताना, की हेड आवळून एंजिन चालू असताना? या दोन स्थितींत सिलिंडरचा आकार एकच राहत नाही, आणि रिबोअरिंगचे यशापयश पुष्कळसे याच फरकावर अवलंबून असते.

प्रथम झिजेचे स्वरूप पाहू. पिस्टन आपल्या मार्गाच्या वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याचा वेग क्षणभर शून्य होतो. त्या क्षणी तेलाचा पातळ थर टिकत नाही. शिवाय ज्वलनाचा दाब रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. त्यामुळे सर्वांत अधिक झीज वरच्या रिंगेच्या परतीच्या जागी होते व सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद असे होते. कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पिस्टन क्रँकशाफ्टच्या आडव्या दिशेने भिंतीवर रेलतो. म्हणून छेद लंबवर्तुळासारखा होतो. थंड एंजिन वारंवार सुरू करणे हेही झिजेचे मोठे कारण आहे. गार भिंतीवर ज्वलनातील वाफ आम्लयुक्त होऊन साचते आणि बीड गंजते.

वरच्या बाजूस व्यास ०.२५ मि.मी.ने वाढला, तर रिंगेच्या तोंडाची फट तेथे ०.७८ मि.मी.ने रुंदावते, कारण परीघ व्यासाच्या ‘पाय’ पटीने वाढतो. म्हणजे प्रत्येक फेरीत रिंग उघडते आणि मिटते. अशा सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा घालून काम भागवणे ही माझ्या मते फसवी काटकसर होय.

उदाहरणासाठी विलीस जीपचे ‘गो-डेव्हिल’ एंजिन घेऊ. महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपगाड्यांची जुळणी सुरू केल्यापासून या घराण्यातील एंजिने आपल्याकडील मिस्त्रींच्या चांगल्या परिचयाची झाली. याचा मूळ बोअर ३.१२५ इंच, म्हणजे ७९.३७५ मि.मी., स्ट्रोक ४.३७५ इंच व घनफळ सुमारे २,२०० घ.सें.मी. बोअर ०.०४० इंचाने वाढविल्यास घनफळात सुमारे ५७ घ.सें.मी.ची, म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडी अधिक भर पडते. शक्ती वाढेल या आशेने रिबोअर करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

कापण्यापूर्वी नवे पिस्टन हाती असावेत. पिस्टनवर छापलेल्या मापावर विसंबू नये; प्रत्येक पिस्टन स्वतः मोजून त्यानुसार बोअर ठरवावा. त्यानंतरचा प्रश्न केंद्राचा. बोअरिंग बारचे केंद्र झिजलेल्या भागावरून धरले, तर नवे छिद्र झिजेच्या बाजूला सरकते : एकाच भिंतीची झीज ०.२० मि.मी. असल्यास केंद्र ०.१० मि.मी.ने चुकते. म्हणून केंद्र खालच्या, जवळजवळ न झिजलेल्या भागावरून घेतात. बार ब्लॉकच्या वरच्या पृष्ठावर उभा राहत असेल, तर ते पृष्ठ क्रँकशाफ्टच्या अक्षाशी समांतर आहे ना, हेही आधी पडताळावे लागते. ते तिरके असल्यास उत्तम गोल परंतु कललेले सिलिंडर तयार होते, आणि नुसत्या व्यासमापनाने हा दोष कधीच सापडत नाही.

व्यासमापनाची दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. डायल बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंतील अंतर दाखविते. लंबवर्तुळ त्यातून चटकन कळते; परंतु तीन फुगवट्यांचा आकार सर्व दिशांनी समान व्यासाचा असू शकतो, व गेजचा काटा जागचा हलत नाही. मापाने गोल ठरलेले सिलिंडर आकाराने गोल असेलच असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हेडचे बोल्ट आवळले की बोल्टभोवतीचे बीड ताणले जाते आणि लगतची सिलिंडरची भिंत काही मायक्रॉन ते काही शतांश मिलिमीटर हलते. सिलिंडरभोवती चार बोल्ट असतील, तर चार फुगवट्यांची विकृती सहज उद्भवते. लंबवर्तुळाशी रिंग बरेच जुळवून घेते, परंतु फुगवट्यांची संख्या वाढते तशी तिची ही क्षमता झपाट्याने घटते. म्हणून चांगल्या कारखान्यांत ब्लॉकवर हेडऐवजी जाड पोलादी पट्टी, खाली गॅस्केट घालून, ठरलेल्या टॉर्कने आवळतात आणि त्या ताणलेल्या स्थितीत होनिंग करतात. पट्टी काढल्यावर सिलिंडर वाकडे दिसते. हेड आवळताच ते पुन्हा गोल होते. विद्यार्थ्यांना हे प्रथम विचित्र वाटते. उष्णतेने येणारी विकृती मात्र या उपायाने जात नाही. गो-डेव्हिलमध्ये झडपा ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या एका बाजूस असल्याने ती बाजू अधिक तापते.

उष्णतेचा विचार मोजतानाही हवा. ८० मि.मी. बोअरचे बीड १० अंश सेल्सिअसने तापले, तर व्यास सुमारे ९ मायक्रॉनने वाढतो. होनिंग संपताच घेतलेले माप त्यामुळे विश्वसनीय नसते. ब्लॉक निवू द्यावा.

बोअरिंगनंतर सुमारे ०.०५ ते ०.०८ मि.मी. धातू होनिंगसाठी राखतात. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत तेल धरून राहते. आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर ते टिकत नाही व रिंगा नीट बसत नाहीत. शेवटी धुणे. घासदगडाचे कण रॉकेलने निघत नाहीत, उलट खरबरीत भिंतीत अधिकच रुतून बसतात. गरम पाणी, साबण व ताठ ब्रश यांनी सिलिंडर घासावे, कोरडे करून तेल लावलेले पांढरे फडके आतून फिरवावे, आणि फडक्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत हे काम पुन्हा पुन्हा करावे.