फिल्मचा रोल परत आला, तो कोणामुळे?

चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या सिरुसेरीतून बोलतोय. इथे आयटी पार्क आहे, मोठमोठ्या इमारती आहेत आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मंडळी आहेत. त्यांतलाच एक, मूळचा सोलापूरचा, आमच्या मजल्यावर राहतो. परवा तो दार वाजवून म्हणाला, "काका, तुमच्याकडे जुना कॅमेरा आहे ना? रोल कसा भरायचा, दाखवता का?" त्याच्या हातात इंग्लंडमध्ये तयार झालेला कोरा करकरीत रोल होता. मला वाटत होतं, हे प्रकरण केव्हाच संपलं. ते संपलं कसं नाही, हे आज समजून घेऊ.

आधी रोल म्हणजे काय ते पाहू. खाली प्लास्टिकसारखी पारदर्शक पट्टी असते, साधारण मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी जाड. तिच्यावर जिलेटिनचा थर. कोमट पाण्यात जिलेटिन विरघळवायचं, त्यात पोटॅशियम ब्रोमाइड घालायचं आणि मग सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. चांदीच्या क्षाराचे बारीक कण तयार होतात. किती उष्णतेवर, किती वेळ, किती वेगाने हे सगळं करायचं, यावर कणांचा आकार ठरतो आणि त्यावर फिल्मचा स्वभाव. मोठा कण कमी उजेडातही काम करतो, पण फोटो खरखरीत येतो. हे मिश्रण मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या थरात, शेकडो मीटर पट्टीवर, एकसारखं पसरायचं. आणि तेही अंधारात!

अंधाराचं महत्त्व मला चांगलंच ठाऊक आहे. १९९१ साली मी वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजमध्ये कोर्स करत होतो. आई पहिल्यांदाच निलगिरीत आली होती. तिला उटी दाखवली, छत्तीस फोटोंचा रोल भरला. संध्याकाळी घाईत, रोल परत गुंडाळायच्या आधीच मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. खेळ खलास. धुतल्यावर पट्टी काळीठिक्कर निघाली. आईचा उटीतला एकही फोटो माझ्याकडे नाही.

तो रोल 'इंदू'चा होता. चाळिशी ओलांडलेल्यांना हे नाव आठवेल. हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना उटीलाच होता. १९६० साली कंपनी स्थापन झाली, फ्रान्सच्या कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं आणि १९६७ पासून उत्पादन सुरू झालं. फिल्मला धूळ चालत नाही, उष्णता चालत नाही. म्हणून थंड, स्वच्छ हवेची उटी. इंदूची कृष्णधवल फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत असायची, एक्स-रे फिल्म दवाखान्यांत.

पुढे रंगीत फिल्म आली, मग डिजिटल आलं. आता इथे एक गोम आहे. फिल्मचा मोठा कारखाना लहान करता येत नाही. रुंद यंत्र एकदा सुरू केलं की हजारो मीटर माल काढूनच थांबतं. तेवढं गिऱ्हाईक नसेल, तर प्रत्येक रोल तोट्याचा. १९९० च्या दशकात उटीचा कारखाना आजारी उद्योगांत गेला, पुढे सरकारने तो बंद करायचं ठरवलं. परदेशातही वेगळं चित्र नव्हतं. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग परत कोण आलं? छोटे लोक आले. इंग्लंडमध्ये इलफर्ड कंपनी बुडाली, तेव्हा तिथल्याच व्यवस्थापकांनी २००५ मध्ये कृष्णधवल फिल्मचा धंदा विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने चालवला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी स्वतःची रंगीत फिल्मही आणली. नेदरलँड्समध्ये पोलरॉइडचा शेवटचा कारखाना २००८ मध्ये बंद होत होता. तो काही जणांनी भाड्याने घेतला, जुन्या अनुभवी कामगारांना सोबत ठेवलं. पण रसायनं पुरवणारे आधीच बंद झाले होते, त्यामुळे सूत्र नव्याने बसवावं लागलं. २०१० मध्ये आलेली त्यांची पहिली फिल्म इतकी नाजूक, की फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येताच हाताने झाकावा लागे!

इटलीतल्या फेरानियाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जुना कारखाना पाडला जाणार होता. २०१३ मध्ये नवी छोटी कंपनी उभी राहिली आणि तिने मोठ्या यंत्राकडे पाहिलंच नाही. संशोधन विभागात प्रयोगासाठी ठेवलेलं लहान यंत्र धरलं. थोडा माल काढायला तेच सोयीचं. २०१४ मध्ये लोकांकडून तीन लाखांहून अधिक डॉलर जमवले. कबूल केली होती रंगीत फिल्म. पण २०१७ मध्ये प्रत्यक्षात हाती आली ती जुनी पी-३० ही कृष्णधवल फिल्म. उशीर झाला, पैसे देणारे चिडले. तरी फिल्म बनली.

छोट्या प्रमाणावर हे काम करणं आपल्याला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. ती भोकं दादरच्या घरी, अंधारात पाडायच्या सरस्वतीबाई.

या सगळ्यांत समान धागा कोणता? मी तोफखान्यातला माणूस. तोफेचं जाडजूड मॅन्युअल असतं, पण गोळा कुठे अडकतोय हे वीस वर्षं तोफेवर राबलेला हवालदार नुसत्या आवाजावरून सांगतो. फिल्मचंही तसंच. सूत्र कागदावर असतं. मिश्रण बिघडायला लागलंय हे ओळखणारा माणूस कागदावर नसतो. जिथे अशी माणसं वेळेत गाठली, तिथे फिल्म परत आली.

उटीत फिल्म पुन्हा बनावी, असा माझा हट्ट नाही. चांदी महाग, गिऱ्हाईक मोजकं, हिशेब कठीण आहे. पण अंधारात चाचपडत पट्टी ओवणारे, थर पाहून दोष सांगणारे तिथले कामगार आता माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे आहेत. त्यांच्यासोबत काय जाईल, याचा विचार करा.

आणि हे फक्त उटीचं नाही. तुमच्या घरात कोणी गिरणीत, छापखान्यात, बंद पडलेल्या कारखान्यात आयुष्य घालवलं असेल. या रविवारी त्यांच्यासमोर बसा, मोबाइल सुरू करा आणि विचारा : तुमचं काम नेमकं कसं करायचात? मध्ये बोलू नका.

सोलापूरच्या पोराला मी रोल भरायला शिकवला. पहिली गोष्ट सांगितली ती मागच्या झाकणाची. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.