चोक गेला, कानाचे काय?

थंडीच्या सकाळी चोक ओढून किक मारायची आणि इंजिनाचा आवाज एकसुरी होईपर्यंत थांबायचे, हा दुचाकीस्वारांचा नित्यनेम होता. कार्ब्युरेटरमधील हवा-पेट्रोलचे प्रमाण स्क्रू फिरवून जुळवले जाई. ते जुळले की नाही, हे मेकॅनिकचा कान ठरवी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. आता हे प्रमाण सेन्सरच्या माहितीवरून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. धुरातील विषारी वायू घटले, हे निर्विवाद. मात्र या यंत्रणेतील बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तो परवडत नसलेल्या नाक्यावरच्या गॅरेजमधून गाडी परत पाठवावी लागते. टॅपेटची टकटक तेवढी अजून कानालाच कळते. चालक मात्र आवाजाऐवजी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे पाहू लागला आहे.