उशिरां पोहोंचलेलीं गाणीं

कलाकृतीची योग्यता आणि कलाकृतीचें भाग्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु लोकप्रिय संगीताच्या जगांत त्यांची गल्लत फार लवकर होते. जें गाणें गाजलें तें उत्तम, जें कोणाच्या कानीं पडलें नाहीं तें सामान्य, असा हिशेब तेथें सहज मांडला जातो. हा हिशेब किती फसवा असूं शकतो हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें लिव्हरपूलच्या ‘शॅक’ या वाद्यवृंदाचा ‘वॉटरपिस्टल’ हा गीतसंग्रह ऐकावा.

मायकेल हेड आणि जॉन हेड हे दोघे भाऊ या वृंदाचे आधारस्तंभ. मायकेल हा गीतकार व मुख्य गायक. गिटार दोघेहि वाजवितात. ‘शॅक’चा पहिला संग्रह १९८८ सालीं निघाला. दुसऱ्या संग्रहाचीं बारा गाणीं १९९१ सालीं लंडनमधील एका ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रित झालीं आणि काम पुरें झाल्यावर थोड्याच काळांत त्या गृहाला आग लागली.

या आगीनें काय नेलें हें समजण्यासाठीं मुद्रणाची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. प्रथम प्रत्येक वाद्य व प्रत्येक आवाज फितीवरील वेगवेगळ्या पट्ट्यांवर उतरवितात. मग त्या सर्वांचा तोल साधून डाव्या व उजव्या बाजूचे असे दोनच प्रवाह तयार करतात. श्रोत्याच्या हातीं येतें तें हें मिश्रण. आगींत बहुतेक फिती जळाल्या. उरली ती या मिश्रणाची एक नक्कल, निर्माते क्रिस ॲलिसन यांच्याजवळची. ती ‘डॅट’ नांवाच्या लहानशा कॅसेटवर होती. सोनी कंपनीनें १९८७ सालीं प्रचारांत आणलेल्या या कॅसेटींत ध्वनि अंकांच्या रूपानें सांठविला जातो. त्यामुळें नक्कल पुसट होत नाहीं. परंतु ही कॅसेटहि अमेरिकेंत भाड्याच्या मोटारींत राहून गेली! पुढें ती परत मिळाली खरी; पण संग्रह काढणारी ‘घेटो’ ही कंपनीच बंद पडली. अखेर १९९५ सालीं हॅम्बुर्गच्या ‘मरीना’ या छोट्या जर्मन कंपनीनें तो प्रसिद्ध केला.

चार वर्षें हा काळ तसा मोठा नव्हे. लोकप्रिय संगीतांत मात्र तो एका पिढीएवढा असतो. १९९५ च्या ऑगस्टमध्यें ‘ओॲसिस’ आणि ‘ब्लर’ या दोन वृंदांचीं नवीं गाणीं एकाच दिवशीं बाजारांत आलीं आणि त्यांच्या चढाओढीनें इंग्रजी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. त्या गलबल्यांत जर्मनींतून आलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणाकडे कोण लक्ष देणार?

आज त्या गलबल्यापासून दूर बसून ऐकतांना या गाण्यांचा खरा गुण ध्यानांत येतो. एक गिटार स्वरसमूह छेडून गाण्याला चाल देते, तर दुसरी तारा एकेक करून उलगडीत त्या चालीवर वेलबुट्टी काढते. दोघां भावांचीं हीं वाद्यें एकमेकांवर कुरघोडी करीत नाहींत. एकानें वाक्य सुरू करावें व दुसऱ्यानें तें पुरें करावें, तशीं तीं बोलतात. मायकेलचा आवाज भारदस्त नाहीं, पण त्यांत बोलण्याची सहजता आहे. रागविस्ताराची संवय असलेल्या श्रोत्याला तीनचार मिनिटांचें गाणें प्रथम त्रोटक वाटेल. त्यानें विस्तार शोधूं नये. चाल एका अनपेक्षित स्वरावर वळते ती जागा शोधावी. ‘सार्जंट मेजर’ या पहिल्या गाण्यापासून ‘लंडन टाउन’ या शेवटच्या गाण्यापर्यंत अशा जागा वारंवार भेटतात.

या शैलीची वंशावळहि मनोरंजक आहे. १९६४ सालच्या ‘बीटल्स’च्या चित्रपटांत लिव्हरपूलच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातीं बारा तारांची गिटार पाहून अमेरिकेंतील ‘बर्ड्‌स’ या वृंदाच्या रॉजर मॅकग्विननें ती उचलली. लॉस एंजेलिसमधील त्या वातावरणांतूनच आर्थर ली याचा ‘लव्ह’ हा वृंद पुढें आला. त्याचा १९६७ सालचा ‘फॉरेव्हर चेंजेस’ हा संग्रह म्हणजे हेड बंधूंचें दैवत. १९९२ सालीं लिव्हरपूलमध्यें खुद्द आर्थर लीला साथ करण्याचें भाग्यहि त्यांना लाभलें. असे हे सूर समुद्रापलीकडे जाऊन पुन्हां आपल्या गांवीं परतले होते.

मायकेल हेडचें नांव पुढें हळूहळू वाढत गेलें. २०२२ सालीं त्याच्या ‘डिअर स्कॉट’ या संग्रहाला ब्रिटनमधील विक्रीच्या पहिल्या दहांत स्थान मिळालें. ‘वॉटरपिस्टल’ला मात्र तसा दिवस कधींच लाभला नाहीं. तरीहि १९९१ सालीं त्यांत जें होतें तेंच आजहि आहे. वेळ चुकली ती प्रकाशनाची, गाण्यांची नव्हे. मुठींत मावेल एवढ्या एका कॅसेटीनें जें राखलें तें पुढें राखण्याचें काम आतां ऐकणाऱ्याच्या कानांचें आहे.