सुटलेला झेल कुणाच्या खात्यात?

वेगवान गोलंदाजाची सरासरी ही निव्वळ त्याची स्वतःची कमाई, असं आपण धरून चालतो. पण स्कोअरबुकात टिपलेल्या झेलाला रकाना असतो, सुटलेल्याला नसतो. 1926 साली सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांच्या नावावर 59 कसोटींत 33 झेल आहेत. त्यांच्या हातून किती निसटले, हे त्या आकड्यांत कुठेच सापडत नाही. शिवाय नुकसान एका बळीपुरतं थांबत नाही. 1990 साली लॉर्ड्सवर संजीव शर्माच्या चेंडूने ग्रॅहॅम गूचच्या बॅटची कड घेतली आणि यष्टींमागे बडोद्याच्या किरण मोरेकडून झेल सुटला. गूच तेव्हा 36 वर होता. पुढे तो 333 वर मनोज प्रभाकरकडून त्रिफळाचीत झाला. मधल्या 297 धावांपैकी शर्माच्या चेंडूंवर निघालेल्या धावा शर्माच्याच नावावर चढल्या, बळी मात्र दुसऱ्याला मिळाला. शर्माची ती शेवटची कसोटी ठरली.

यावर नेहमी म्हटलं जातं, की नशिबाचा हिशेब दीर्घ कारकिर्दीत आपोआप जुळतो. मोरेच्या त्या चुकीबाबत ते खरंही आहे. 1988 च्या मद्रास कसोटीत सहा फलंदाजांना यष्टिचीत करणारा यष्टिरक्षक तो; त्याच्या हातून झेल सुटणं हा अपघातच. स्लिपची फळी मात्र वर्षानुवर्षं जवळपास तीच राहते. ती कच्ची असेल तर तो नशिबाचा भाग उरत नाही, गोलंदाजाला दर डावात त्याची किंमत मोजावी लागते. दुसरं म्हणजे, ‘संघाचं क्षेत्ररक्षण चांगलं होतं’ एवढ्याने काहीच ठरत नाही. एकनाथ सोलकरने 27 कसोटींत 53 झेल घेतले, पण त्या अफाट हातांचा लाभ मुख्यतः फिरकी गोलंदाजांना झाला. ताशी 140 किलोमीटर वेगाच्या चेंडूची कड स्लिपमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचते. तो सरावच निराळा. थोर गोलंदाज थेट यष्ट्याच उडवतो, हा युक्तिवादही अर्धवट आहे. पाकिस्तानच्या वसीम अक्रम आणि वकार युनूसचे निम्म्याहून अधिक बळी त्रिफळाचीत किंवा पायचीत आहेत, त्यांना इतरांच्या हातांची गरज कमी पडली. कपिल देवचा बाहेर जाणारा स्विंग मुळात कड काढण्यासाठीच होता.

मात्र इथूनच उलटा गैरसमज सुरू होतो: स्लिप धड असती तर कपिल वेस्ट इंडिजच्या माल्कम मार्शलच्या पंक्तीला बसला असता. कपिलने 131 कसोटींत 29.64 च्या सरासरीने 434 बळी घेतले, म्हणजे 12,867 धावा दिल्या. मार्शलची सरासरी 20.94. तेवढ्याच धावांत ती गाठायला कपिलला आणखी 180 बळी लागले असते, दर तीन कसोटींत चार! झेल मार्शलचेही सुटलेच असणार. प्रश्न फक्त फरकाचा आहे, आणि इतका मोठा फरक एकट्या क्षेत्ररक्षणाने पडेल असं मला वाटत नाही. कारकिर्दीच्या पहिल्या निम्म्यात कपिलच्या दिमतीला सुनील गावसकर होता, शंभर कसोटी झेल घेणारा पहिला भारतीय क्षेत्ररक्षक. बेताचा अंदाज धरू: दर तीन कसोटींत एक जास्तीचा झेल. बळी होतात 478 आणि सरासरी येते 27 च्या किंचित खाली; वाचलेल्या धावा वेगळ्याच. हे अडीच-पावणेतीन धावांचं अंतर लहान नाही. उरलेल्या फरकाचं उत्तर भारतातल्या संथ खेळपट्ट्यांत आणि दुसऱ्या टोकाकडून न मिळालेल्या साथीत शोधायला हवं.

सोलापूरच्या पार्क मैदानावर गोलंदाजी करणाऱ्या पोरांसाठी एवढं तरी व्हावं: झेल सुटला की स्कोअररने समासात गोलंदाजाचं नाव आणि फलंदाजाची तेव्हाची धावसंख्या टिपावी. निवड समितीपुढे केवळ 15 षटकांत 60 धावा आणि एक बळी एवढंच जाऊ नये, सुटलेले तीन झेलही जावेत.